पंचवीस मिलिमीटरचा पंखा

अर्णव आणि ईरा,

आयुष्यात एकदाच मी दुसऱ्याने केलेल्या यादीत बदल केला, आणि त्यापायी चाकणला जाऊन पत्रा कापून आणावा लागला.

तुमच्या टोरांटोच्या गेमच्या संघातली चौथी भिडू, तुमची मैत्रीण, अचानक संघ सोडून गेली होती. रविवारी, आमच्या संध्याकाळी सातला, तुमचा सामना. चौथा भिडू नसेल तर संघ बाद! "मी खेळते," मी फोनवर बोलून गेले. (कुकरची तिसरी शिट्टी होत असताना माणूस काहीही कबूल करतो.)

अर्णवने स्वस्तातल्या गेमिंग कॉम्प्युटरची यादी पाठवली. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं मी रकाने आखून वहीत उतरवलं. बदललं ते फक्त कॅबिनेट, म्हणजे हे सगळं बसवायचा पत्र्याचा डबा. त्याने सुचवलेलं टीव्हीच्या कपाटाच्या खणात मावेना, आणि जमिनीवर वस्तू ठेवलेली मला चालत नाही. मी दुकानातलं सर्वांत लहान निवडलं. कार्डाची लांबी २४५ मिलिमीटर, आतली जागा २६०. दोन्ही आकडे मी लाल शाईने अधोरेखित केले. चिंचवडच्या त्या दुकानदाराने वर एक पंखा फुकट दिला.

"घे," आजोबा म्हणाले. "मशीनला हवा पाहिजेच." पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाशी मशीनवरून कोण वाद घालणार?

शनिवारी सकाळी आजोबांनी सर्वांत आधी तो पंखा आत, पुढच्या बाजूला बसवला. मग बाकीचे भाग. शेवटी कार्ड. ते बरोबर एक सेंटिमीटर आधी अडलं. पंख्याची जाडी पंचवीस मिलिमीटर होती, आणि माझ्या वहीत पंख्याला रकानाच नव्हता!

दुकानदाराला फोन केला. उघडलेलं कॅबिनेट तो परत घेईना, मोठं मंगळवारी येणार होतं. मी फोन ठेवून वळते तर आजोबा हातात कानस घेऊन कार्डाकडे बघत होते. मी कार्ड पाठीमागे लपवलं.

"ह्याला कानस लावलीत तर मी माहेरी जाईन." (माहेरी आता कुणीही राहत नाही.)

"मग पत्रा कापू," ते शांतपणे म्हणाले.

दुपारी कॅबिनेट मांडीवर घेऊन, कंटेनरच्या रांगेमागे रांगत, आम्ही चाकणला पोचलो. तिथले बबनराव आजोबांबरोबर कारखान्यात होते. आता कांद्याच्या वावरातच त्यांची शेड आहे आणि ते कंपन्यांना पत्र्याचे भाग करून देतात. आमची डबी त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. पंखा काढून टाकला तर, असं मी भीत भीत विचारलं.

"न्हाई वहिनी," बबनराव गंभीर झाले. "माझ्या शेडात पंख्याबिगर एक मशीन चालत न्हाई."

आजोबांनी मान डोलावली. दोन तज्ज्ञांपुढे माझं काय चालणार! ग्राइंडर चालला, ठिणग्या उडाल्या, पुढचा पत्रा गेला आणि पंखा चार बोल्टांवर बाहेर आला. कार्ड बसलं! कॉम्प्युटर मात्र आता लहानशा कूलरसारखा दिसत होता आणि कपाटाच्या खणात मावत नव्हता. त्याला जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी जागा मिळाली.

रविवारी पावणेसातला तो सुरू झाला. व्हिडिओ कॉलवर अर्णवने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"आजी, मागे एक पंखा आधीपासून आहे ना?"

"आहे."

"मग हा पुढचा काढायचा ना! चारच स्क्रू होते."

आजोबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

सातला सामना सुरू झाला. पहिल्याच मिनिटात मी नदीत पडले. दुसऱ्या डावात मी एकच गोळी झाडली आणि ती ईराला लागली. तरी उरलेल्यांनी कसाबसा सामना जिंकला. नंतर अर्णव फार प्रेमाने म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी तू फक्त लॉग इन कर. मग कशालाही हात लावू नकोस."

तेव्हापासून दर रविवारी सातला मी संघात हजर असते. लॉग इन करते आणि मेथी निवडायला घेते. आपला संघ अजून एकदाही हरलेला नाही.