अंबरातली मुंगी आणि भोये

फोन सुनीताचा होता, भोयेंच्या मुलीचा. "सर, बाबा गेले. तुम्हाला कळवायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं." म्हसरूळला त्यांच्या घरी गेलो, खुर्चीवर बसलो, चहा घेतला आणि सांगायचं ते न सांगताच परतलो. त्याला पाच आठवडे झाले.

सोमनाथ भोये मूळचे सुरगाण्याकडचे. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. इतका हलका हात मी दुसरा पाहिला नाही. एकदा परदेशातल्या एका संग्रहालयाने मला अंबरचा तुकडा अभ्यासाला पाठवला. लाखो वर्षांपूर्वी झाडाचा चीक ओघळला, त्यात एक मुंगी अडकली आणि चिकाचा दगड झाला. बिळात बुरशी पिकवून खाणाऱ्या मुंग्यांपैकी ती. तिची जात केव्हाच संपलेली. हे ऐकून भोये सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले, "म्हणजे आपल्याआधीची शेतकरी! मग सर, सातबारा कोणाच्या नावावर?"

मुंगी नीट दिसावी म्हणून तुकडा ओल्या पॉलिशपेपरवर घासावा लागतो. केसभर घासायचं, बघायचं, परत घासायचं. भोये चार दिवस तेच करत होते. पाचव्या दिवशी ते जेवायला गेले आणि मला धीर धरवला नाही. दहा-बारा हात मारले... बघतो तर उजव्या स्पर्शिकेचं टोक गेलेलं. मी तुकडा होता तिथे ठेवून दिला. भोये आले, दोन हात घासले, पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर... माझ्याकडून गेली."

"बघून करायचं ना, भोये!" मी म्हणालो.

प्राचार्यांनी त्यांना प्रयोगशाळेतून काढून भांडारात पाठवलं. मी अडवलं नाही. शोधनिबंधात लिहिलं, 'स्पर्शिकेचं टोक घासताना नष्ट.' कोणाच्या हातून, ते लिहायची रीत नसते. त्या रीतीच्या आडोशाला मी म्हातारा झालो.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो आणि सुनीताला सगळं सांगितलं. ती उठली. आतून बिस्किटांचा डबा घेऊन आली. पूजेच्या दुकानातली राळ वितळवून केलेले तुकडे, प्रत्येकात एक मुंगी. "रिटायर झाल्यापासून बाबा हेच करत बसायचे. म्हणायचे, हात नेमका कुठे चुकला, ते समजलं पाहिजे."

मी एकेक तुकडा खिडकीशी धरून पाहिला. एकाही मुंगीला धक्का लागलेला नव्हता. तरी त्यांची खात्री पटली नसावी. तळाशी अजून एक तुकडा होता, अर्धाच घासलेला.