सोनीला नेताना गाडी तापली

चीनच्या लढाईनंतर गावोगाव पथकं उभी राहिली, तसं बोरी अरबला आमचं महिला पथक उभं राहिलं. आम्ही दहा-बारा जणी होतो. माझी चौथी झालेली, म्हणून प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे दिली. सोनी राठोड बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण भरलेल्या स्ट्रेचरचं एक टोक ती सहज उचलायची. दुसऱ्या टोकाला मी असायची. आमची जोडी तशी लागली ती शेवटपर्यंत राहिली.

शिकवायला हवालदार मारोतराव होते. फौजेत त्यांनी पहाडात ट्रक चालवले होते. पेन्शनवर गावी आले आणि हे काम अंगावर घेतलं. पथकाला मिळालेली जुनी फौजी अ‍ॅम्ब्युलन्स त्यांच्याच अंगणात उभी असे. अंगणाला लागून जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, भिंत होती. हंगामात कापसाचे तंतू उडून यायचे आणि तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, आमच्या केसांवर बसायचे.

सकाळी सहाला फॉल इन. परेड, स्ट्रेचर ड्रिल, मग गाडी धुणं. गाडीचं तोंड साफ पाहिजे, हा हवालदारांचा हुकूम होता. पुढच्या जाळीवर कापूस बसलेला दिसला की सोनी दुरून बादलीभर पाणी फेकायची. पाणी पडलं की जाळी लख्ख दिसायची. मग हवालदार हात मागे बांधून इन्स्पेक्शन करायचे.

मार्चात गाडी तापायला लागली. दारव्ह्याहून येताना पाणी उकळून बाहेर आलं. हवालदारांनी ती अंगणात उभी केली आणि एकेक भाग तपासला. पाण्याच्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या. फॅन बेल्ट ताणून घेतला. धुण्याचा सोडा घालून रेडिएटर आतून धुतला. मग थर्मोस्टॅट काढला. तो पितळेचा लहान डबा असतो, इंजिन तापलं की उघडतो आणि पाणी सोडतो. उघडतो की नाही ते पाहायला त्यांनी तो चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला.

त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, ते पाहिलं. "अवो, त्या पातेल्यात मी वरण शिजवतो. आता काय इंजनाचा रस्सा वाढू तुमाले?"

"उघडून राह्यला," हवालदार पातेल्यात पाहत म्हणाले. "हा ठीक हाय."

"पातेलं ठीक नाही राह्यलं," गिरजाबाई म्हणाल्या. सोनी पदर तोंडाला लावून हसत होती.

सगळं जोडून त्यांनी सकाळच्या गारव्यात गाडी नदीपर्यंत नेऊन आणली. तापली नाही. "गाडी फिट," त्यांनी सांगितलं. आम्हीही तेच धरून चाललो.

एप्रिलमध्ये एका दुपारी जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीला आग लागली. कशी लागली ते कळलं नाही. हवालदारांची शिटी ऐकून आम्ही धावलो. माणसं बादल्या घेऊन रांगेत उभी होती. आतल्या मजूर बायका बाहेर आल्या होत्या. त्यातली एक ओरडून सांगत होती की गंजीमागे म्हातारी झोपली आहे.

हवालदार म्हणाले, "कोणी आत जायचं नाही. दोर आणा."

सोनीने बादली स्वतःच्या अंगावर ओतून घेतली. "दोर येईपर्यंत बुढी राख होईन," म्हणाली आणि गेली. मी तिचा हात धरला होता. ओला होता, निसटला.

तिने म्हातारीला काखेत धरून ओढत दारापर्यंत आणलं. आम्ही म्हातारीला घेतलं. सोनी मागे होती, तेवढ्यात गंजीचा वरचा भाग तिच्यावर आला. बाहेर काढून घोंगड्यात गुंडाळलं तेव्हा पाठ आणि दोन्ही पाय जळून गेलेले होते. म्हातारीच्या केसालाही धक्का नव्हता.

सोनीला गाडीत घेतलं. यवतमाळच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. हवालदार चालवत होते, मी सोनीजवळ. मी तिचे ओठ ओल्या कापडाने टिपत होते. ऊन भयंकर होतं. अर्धा रस्ता झाला असेल, पुढून वाफ आली. हवालदारांनी रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात गाडी घातली.

घरातली बाई बाहेर आली. "कोन जळलं वो माय?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता गाडीच्या मागच्या दाराला चादर बांधून सावली केली. तिचा नवरा विहिरीकडे धावला. दुसरी गाडी, एसटी, काही मिळेल का म्हणून मी रस्त्यावर पाहून आले. रस्ता रिकामा होता.

हवालदारांनी रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. ओलं पोतं टाकून थांबले. तो वेळ मला अजून आठवतो. मग झाकण सोडलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी ओतलं. तरी तापमानाचा काटा खाली येईना.

आतून सोनी बोलली. आवाज बारीक झाला होता. "साहेब, माह्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं. बैल नाही तापला कधी."

"गप पड, सोनी."

"पडलीच तर हाय."

हवालदारांनी खिशातला रुमाल काढून जाळीसमोर धरला. इंजिन चालू असताना मागचा पंखा हवा ओढतो, रुमाल जाळीला चिकटायला हवा. तो खाली पडला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा पडला.

"हवा जातच नाही," ते म्हणाले. "पाण्याचं काई नाही. हवेचं हाय."

त्यांनी इंजिन बंद केलं, पंख्याच्या बाजूने हात घातला आणि खराटा मागितला. खराट्याच्या काड्या रेडिएटरच्या पट्ट्यांमधून आरपार घातल्या. मी मागून पाणी मारलं, आम्ही रोज मारायचो त्याच्या उलट दिशेने. पुढून ओला, करडा कापूस बाहेर पडायला लागला, घोंगडीचे तुकडे असावेत तसा. हंगामभर जाळीवर बसलेले तंतू रोजच्या धुण्याने आत रेडिएटरच्या पट्ट्यांत गेले होते आणि धुळीबरोबर थापले गेले होते. बाहेरून जाळी लख्ख होती. हवालदार त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इन्स्पेक्शन माह्यं होतं," आणि गाडी सुरू केली. या वेळी रुमाल चिकटला.

यवतमाळपर्यंत काटा हलला नाही. त्या रस्त्यात सोनी फक्त "याडी" म्हणत होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, इतकं जळाल्यावर तासाभराने काही फरक पडला नसता. हवालदारांनी त्यांना पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. हवालदारांना ते पटलं असं मला वाटत नाही.

तेरवीनंतर सोनीची आई हवालदारांच्या अंगणात आली. हवालदार खाटेवरून उठून तिच्यासमोर सावधान उभे राहिले. म्हणाले, "गाडी तापली होती. रस्त्यात थांबा लागलं. उशीर झाला."

ती म्हणाली, "गाडीचं कायले सांगतं, बापू? माही पोरगी कशी होती ते सांग."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तरी मी सांगितलं. तिने बादली अंगावर ओतून घेतली ते, म्हातारीला कशी धरली ते, आणि आज्याच्या बैलाचं. बैलाचं ऐकून ती थोडी हसली. मग पदराने तोंड पुसून माझ्याजवळ खाली बसली.

"पुन्हा सांग," म्हणाली.

मी पहिल्यापासून सांगितलं.