हळदीची बोटं आणि पांढरा स्क्रीन

माझं नवं मशीन आईला आधी टीव्हीच वाटलं. नवरात्रासाठी ती मोडनिंबहून माझ्याकडे सोलापूरला आली, पिशवी खाली ठेवली आणि टेबलावरच्या त्या मोठ्या काळ्या काचेकडे बघत म्हणाली, "एकटीला एवढा मोठा टीव्ही कशाला गं?"

"टीव्ही नाही आई, कॉम्प्युटर आहे."

"मग त्याचा डबा कुटं हाय?"

तिने आतापर्यंत जे कॉम्प्युटर पाहिले होते, ग्रामपंचायतीतला आणि बँकेतला, त्या सगळ्यांना खाली एक डबा होता. याला नव्हता. सगळं काही स्क्रीनच्या बुडातच बसवलेलं. मी स्क्रीनची वरची कड धरून तो पुढे ओढला आणि हळूहळू खाली झुकवत टेबलावर जवळजवळ आडवा केला. मग पेन घेऊन त्याच्यावर एक कोयरी काढली.

आई वाकून बघत राहिली. "काचेवर लिवतीस व्हय? मग ही पाटीच झाली की."

मला स्वतःला ते मशीन काय आहे हे इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

मी चादरींची डिझाईनं करते. चादरीवरचं फूल असो, मोर असो, नाहीतर नुसती वेल, मागावर चढण्याआधी ते बारीक चौकोनांमध्ये भरावं लागतं. ढोबळ मानाने एक चौकोन म्हणजे एक धागा. कुठल्या चौकोनात कुठला रंग, हे ठरलं की माग तसं विणतो. एका कारखान्यात मी बरीच वर्षं हेच काम माऊसने केलं. हात टेबलावर आणि डोळे समोर भिंतीकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचे चित्रकलेचे सर सांगायचे, "बाळ, हात जिथं आहे तिथंच बघ." त्यांच्यामुळे मी चित्र शिकले, त्यांनीच वडिलांना समजावून मला सोलापूरला पाठवलं, आणि आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली ठरले. पण नोकरीत नेमकं उलटं चाललं होतं. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. मनगट दुखायचं, मान आखडायची आणि वेलीचं वळण मनासारखं यायचंच नाही.

पडद्यावर थेट पेनने काढता येईल असं मशीन मी पुण्यातल्या एका प्रदर्शनात पहिल्यांदा पाहिलं. सिनेमाची चित्रं करणारे, इमारतींचे नकाशे काढणारे लोक तिथे गर्दी करून उभे होते. मला वाटलं, हे त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. तरी मी रांगेत उभी राहिले, माझी पाळी आल्यावर एक वेल काढली आणि ती पहिल्या ओढीत जमली. त्यानंतर मी नोकरी सोडून स्वतःचं काम करायचं ठरवलं तेव्हा हेच मशीन घेतलं. त्याच्यावरचे रंगही खरे दिसतात. जुन्या स्क्रीनवर मरून रंग तपकिरी दिसायचा आणि रंगवून आलेलं सूत पाहिलं की धक्का बसायचा. आता मी सुताची लडी काचेशेजारी धरते आणि दोन्ही रंग जवळजवळ एकच दिसतात.

आई आली त्या वेळी माझं सगळं एका चादरीवर अवलंबून होतं. शहराच्या पूर्व भागात एका ओळखीच्या काकांचा चादरींचा कारखाना आहे. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही. त्यांनी सांगितलं होतं, "दसऱ्याच्या मुहूर्तावर तुमचं डिझाईन मागावर घेतो. चांगलं उतरलं तर वर्षभर माझी डिझाईनं तुम्हीच करायची. नाही उतरलं तर माझा जुना माणूस आहेच." दुसरं कुठलं काम माझ्या हातात नव्हतं. हे गेलं असतं तर पुन्हा कुठल्यातरी कारखान्यात नोकरी विचारत फिरावं लागलं असतं.

पहिलं डिझाईन त्यांनी परत पाठवलं होतं. "काठ लई जड झालाय अम्मा, चादर आहे की सतरंजी?" मी काठ हलका केला, मधलं कमळ नव्याने काढलं, आणि खंडेनवमीच्या सकाळी शेवटचे चौकोन भरत बसले.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. नांगर, कुळव, विळे, कुऱ्हाड, आईचं शिवणयंत्र, सगळं धुऊन पुसून मांडायचं. लहानपणी माझं दप्तरही तिथेच असायचं. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मला तो दिवस फार आवडायचा, कारण त्या दिवशी अभ्यास कर असं कुणी म्हणत नसे.

"तुजं हत्यार ह्येच न्हवं?" आईने विचारलं. "मग ह्येची पूजा करायची."

मी शेवटचा चौकोन भरला, स्क्रीनच्या कडेच्या बटणांच्या सगळ्या पट्ट्या लपवून चादर पूर्ण स्क्रीनवर घेतली, म्हणजे पूजा त्या कमळाचीही होईल. स्क्रीन आडवाच होता. आईने कडेने झेंडूची फुलं मांडली, वर अक्षता टाकल्या. मी निरांजनासाठी काडेपेटी आणायला आत गेले. ती सापडायला जरा वेळ लागला.

बाहेर आले तर स्क्रीन पांढरा होता. कमळ नाही, काठ नाही, वेल नाही. सगळीकडे नुसता पांढरा आणि त्यावर हळदीच्या पिवळ्या रेघा.

"आई, काय केलंस?"

"हळद लावली की."

"काही दाबलंस का?"

"काय बी दाबलं न्हाय बया. बोटं टेकवली आन वढली फकस्त. नांगराला लावती तशी."

नांगराला ती कशी हळद लावते ते मला माहीत होतं. अंगठा आणि मधलं बोट हळदीत बुडवायचं, मधोमध टेकवायचं आणि दोन्ही बाजूंना रेघ ओढायची. पाच वेळा. पण त्या क्षणी मला काहीच सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की स्पर्शाने चालणाऱ्या काचेवर तिने बोटं फिरवली आणि चादर पुसली गेली. त्यात हे मशीन थोड्या थोड्या वेळाने काम आपोआप साठवून ठेवतं. म्हणजे माझी चादर जाऊन तिच्या जागी हा पांढरा साठवला जाणार. पेनड्राईव्हवर होती ती काकांनी परत केलेली जड काठाची.

मी हात पुढे केला. आईने तो वरच्या वर धरला.

"हळद लागली, आता न्हाय."

"आई, माझं काम गेलंय बहुतेक."

"उद्या बघ. देवाफुडं मांडलेलं हत्यार हाय ते."

"उद्या सकाळी द्यायचंय गं ते."

तिने माझा हात सोडला नाही. तिचा चेहरा उतरला होता. आपल्या बोटांनी काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं, आणि तरीही ती मला अडवत होती. ज्या बाईने मला शाळेला पाठवण्यासाठी खुरपणीला एक हात कमी ठेवला, तिचा हात मला झटकता येईना. मी खाली बसले, आणि तिने निरांजन लावून ओवाळलं.

मग काकांना फोन केला. खरं ते सांगितलं, की पूजा करताना स्क्रीन पांढरा झालाय, डिझाईन आहे की गेलं ते माहीत नाही, आणि आई हात लावू देत नाही.

त्यांनी फोन बाजूला धरला. मग ते घरात कुणालातरी तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि मागून बायकांचं हसणं ऐकू आलं.

"आमचे पण माग आज पूजेला बंद आहेत," काका म्हणाले. "मी माझ्या मागाला हात लावत नाही आणि तुम्हाला मशीनला लावा म्हणू? आईचं ऐका. उद्या सकाळी आपट्याची पानं घेऊन या. डिझाईन असलं तर डिझाईन, नाहीतर पानं."

"आणि डिझाईन नसलं तर, काका?"

"तर जुन्याचं चढवीन. मुहूर्त थांबत नाही अम्मा."

ते रागावले नव्हते, पण बोलले ते खरं होतं.

आता एकच आशा होती. चादर पुसली गेली असेल तर मशीनमध्ये एक पाऊल मागे जाऊन, म्हणजे शेवटची कृती रद्द करून, ती परत आणता येते. पण मशीन मध्येच बंद पडलं तर ते मागचं पाऊल कायमचं जातं. या मशीनला स्वतःची बॅटरी नाही. म्हणून उद्या सकाळपर्यंत ते चालू राहायला हवं होतं. कोपऱ्यात घटापुढे आईचा नंदादीप होता, तोही नऊ दिवस विझू द्यायचा नव्हता. ती मधून मधून उठून तेल घालत होती आणि मी मधून मधून उठून मशीनचा छोटा दिवा बघत होते. स्क्रीन केव्हाच काळा झाला होता, पण तो दिवा जळत होता.

दुपारी लाईट गेली. टेबलाखालचा यूपीएस पीं पीं करू लागला.

"ह्ये का वरडतंय?"

"लाईट गेली म्हणून. थोडा वेळ तो करंट पुरवतो, मग संपतो."

"म्हंजे तेल संपत आलंय म्हन की."

आई उठली आणि पंख्याचं बटण बंद करून आली. पंखा आधीच थांबला होता, पण मी तिला काही म्हटलं नाही. ती त्या यूपीएससमोर मांडी घालून बसली आणि हात जोडले. देवाला जोडले की यूपीएसला, विचारायचं धाडस मला झालं नाही. आवाज जवळ जवळ, अधिक घाईने येऊ लागला. मी काकांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात पंख्याखेरीज सगळं घर एकदम सुरू झालं, फ्रीज घरघरला आणि पीं पीं थांबली.

"आलं बग तेल," आई म्हणाली. मी कितीतरी वेळाने हसले.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ज्वारीची पेरणी चालू होती म्हणून ते गावीच होते. पण त्या दिवशी तिफणही पूजेला, म्हणून तेही रिकामे. आईने त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "माज्याच हातानं झालं हो." हे मी ऐकावं असं तिला नको होतं. त्यानंतर मला डिझाईनपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटू लागली. डिझाईन गेलं असतं तर मी पुन्हा काढलं असतं, नोकरीही पुन्हा बघितली असती. पण मग आई माझ्या घरातल्या कुठल्याच वस्तूला कधी बोट लावणार नव्हती.

दसऱ्याला मी उठले तर ती आंघोळ करून बसलेली होती. तिने मशीनपुढे पुन्हा निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि बाजूला झाली. "घे. लाव हात."

मी पेन टेकवलं. स्क्रीन जागा झाला. पांढराच. मी एक पाऊल मागे गेले. पांढराच. आणखी एक. पांढराच. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघायचं टाळलं. काहीतरी करायचं म्हणून कडेची फुलं उचलू लागले. लपवलेल्या पट्ट्या पुन्हा आणल्या, आणि खालच्या कोपऱ्यातला झेंडू उचलला तेव्हा त्याच्याखाली तो आकडा दिसला. चित्र मूळ आकाराच्या किती पट मोठं दिसतंय, ते सांगणारा. तो शेवटच्या टोकाला जाऊन थांबला होता.

मी खुर्चीत बसले.

"काय झालं गं?"

"आई, इकडे ये. काल बोटं टेकवून बाहेर ओढलीस ना? आता बाहेर टेकव आणि आत आण."

"नगं बया. मी न्हाय आता."

"आण गं. तुझ्याच हाताने आण."

तिने पदराला बोटं पुसली, भीत भीत काचेवर ठेवली आणि जवळ आणली. पांढऱ्याच्या कडेला एक मरून पट्टी दिसली. तिने हात मागे घेतला. मी मान हलवली. तिने पुन्हा बोटं जवळ आणली. पांढऱ्याचा चौकोन झाला, त्याच्या शेजारी मरून चौकोन, मग चौकोनांची रांग. पुन्हा. रांगांची पाकळी झाली. पुन्हा. पाकळ्यांचं कमळ झालं, आणि शेवटी हलक्या काठाची अख्खी चादर समोर आली.

"मग त्ये पांढरं काय हुतं?"

"कमळाच्या पाकळीतला एक धागा. तू ओढून ओढून तोच एवढा मोठा केलास."

आई चादरीकडे बघत राहिली. "म्हंजे काल आपण एकाच धाग्याची पूजा केली की," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

मागे घेतलेली दोन पावलं पुन्हा पुढे नेली, पेनड्राईव्हमध्ये डिझाईन घेतलं, आपट्याची पानं घेतली, आणि आम्ही दोघी रिक्षाने कारखान्यावर गेलो. काका दारातच उभे होते.

"काय अम्मा, पानं की डिझाईन?"

"दोन्ही, काका."

त्यांनी पानं आईकडून घेतली, वाकून नमस्कार केला, आणि पेनड्राईव्ह आत पाठवला. मागाला झेंडूची माळ होती. माग सुरू झाल्यावर काही बोललेलं ऐकू येईना, म्हणून आम्ही नुसते उभे राहिलो. आधी काठ उतरला. काकांनी त्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. कमळ यायला लागलं तेव्हा आई पुढे झाली आणि पहिल्या पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून माझ्याकडे वळली. मी हो म्हणून मान हलवली. तो तोच होता की दुसरा, हे मलाही सांगता आलं नसतं.

निघताना काका म्हणाले, "दिवाळीनंतरची डिझाईनं घेऊन बसा आता. आणि आईंना सांगा, पुढच्या वर्षी हळद माझ्या मागाला पण लावा."

घरी आल्यावर आईने घट उठवला. नंदादीप तिने विझवला नाही, पण आता त्यात तेल घालायला उठत नव्हती. मी जेवले, भांडी घासली, आणि मग मशीन बंद केलं. काच पुसताना कडेच्या फटीत थोडी हळद राहिलेली दिसली. ती काढायला मी कापूस घेतला होता. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की." मी कापूस ठेवून दिला आणि तिच्याशेजारी आडवी झाले. दुपारी झोप लागायची सवय मला नाही, पण त्या दिवशी लागली.