अक्काच्या मातीला कोणी बोलायचं?

आज दुपारी अक्काला मातीत ठेवून आलो. तिच्या मनासारखं झालं की मनाविरुद्ध, हे मला अजून कळलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही जालन्याकडचे, गावातल्या मिशनच्या शाळेत शिकलेले. लग्न होऊन ती उज्जैनला आली, मागोमाग नोकरीला मी.

इथली आमची फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेला जमणारी मंडळी, सुरू झाली ती तिच्याच बैठकीच्या खोलीत. तेव्हा पास्टर नव्हते. अक्का लसूण सोलत बायबलमधलं वचन समजावून सांगायची आणि आम्ही पुरुषमंडळी समोर सतरंजीवर.

मग टावर चौकामागे हॉल मिळाला, तरुण पास्टर आले आणि संदेश, म्हणजे प्रवचन, ते देऊ लागले.
त्या दिवसापासून अक्का डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूला, मागे.

मी चिडायचो.
"अगं, तुला त्यांच्यापेक्षा जास्त येतं."
"येतं म्हणून काय झालं? संदेश पुरुषाने द्यायचा. बायकांनी देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यावी, प्रार्थना करावी. देवाने तसा क्रम लावलाय."

आणि पास्टर संदेशात चुकले की ती खोकायची. ते बिचारे पान उलटून परत बघायचे.
"अक्का, हे शिकवणंच झालं ना?"
"हवा बदललीय. खोकला आहे."

घरी जेवणाआधीची प्रार्थना भाऊजींचीच. ते ड्यूटीवरून येईपर्यंत सगळे ताटं झाकून उपाशी. पण त्यांचं आमेन जवळ आलं की अक्का कुजबुजायची, "आजाऱ्यांसाठी राहिलं."

मागच्या वर्षी भाऊजी गेले. कब्रस्तानातून परतताना ऑटोत ती मला म्हणाली, "माझ्या वेळी संदेश पास्टरच देतील. गोंधळ होऊ देऊ नकोस."
मी हो म्हटलं.

आज सकाळी तिची मुलगी रूत म्हणाली, "मामा, आईने मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं, माझ्या मातीला संदेश तू दे."
"शुद्धीत होती का?"
"चांगली शुद्धीत. त्याआधीच डॉक्टरला झापलं होतं."

पास्टरांचे डोळे रडून सुजलेले. म्हणाले, "भाईसाहब, रूत सिस्टर घर पर साक्षी दे दें. पर कब्र पर संदेश? बहनें संदेश न दें, ये मुझे आंटीजी ने ही सिखाया है."
मग म्हणाले, "आप घर के बड़े हैं. आप जो कहें."

रूत माझ्याकडे बघत होती.
"म्हणजे मी बोलायचं की नाही, हेही पुरुषच ठरवणार?"
मग तीच पुढे म्हणाली,
"रागावत नाहीये मामा. विचारतेय."

अक्काचा एक शब्द मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत नव्हता.

कबरीपाशी पास्टरांनी प्रार्थना केली आणि माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "रूत, बोल."

मंडळीतले एक बुजुर्ग ब्रदर लगेच फाटकाकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

रूतने डोक्यावर ओढणी घेतली.
"येशूची रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली, आणि पुरुषांना सांगायला त्याच धावल्या. आई दर ईस्टरला आम्हा मुलांना हे शिकवायची, आणि मग हॉलमध्ये येऊन गप्प बसायची. तिचं गप्प बसणं मला कधी कळलं नाही. ती भिऊन गप्प नव्हती, एवढं माहीत आहे. पण येशू उठला ही बातमी खरी आहे, हे मला तिनेच सांगितलं. म्हणून आज मी रडतेय, पण आशा सोडून नाही."

पास्टर आमेन म्हणाले. फाटकाजवळचे ब्रदर परत आले, त्यांनीही मूठभर माती टाकली. कोणी वाद घातला नाही.

संध्याकाळपासून मी प्रार्थनेला बसतो आणि उठतो.
चूक केली असं म्हणवत नाही. बरोबर केलं असंही म्हणवत नाही.

क्रम देवाचा आहे, असं मी आजही मानतो.
मग रूत बोलत असताना देव इतका जवळ का वाटला?

असं काही अडलं की आजवर मी अक्कालाच विचारत आलो.

अक्का, प्रभूजवळ सुखाने राहा. आपण भेटलो की आधी हे सांग मला.