जिन्यात अडकलेला माणूस

आमच्या सिव्हिलच्या वर्गात इमारतीची शीट कुणी काढत नाही, जीटी मारतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बाकांवर काच आडवी ठेवायची, खाली ट्यूबलाइट, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. दिसेल ती रेघ गिरवायची. या गिरवण्याला टर्मवर्कचे मार्क मिळतात आणि त्यावर आम्ही इंजिनियर ठरतो. मला हे मान्य नव्हतं. मी कुंभारीला जाऊन मावशीचं दुमजली घर स्वतः टेप लावून मोजलं आणि त्याची शीट काढली.

शीट तपासणाऱ्या सरांनी ती लांबूनच पाहिली. "बाकीच्यांशी जुळत नाही."

"सर, घरच वेगळं आहे."

"पुन्हा काढ. नाहीतर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. म्हणजे वर्षच वाया.

माझी रूममेट वेळापूरची. तिनं तिची शीट माझ्यापुढं टाकली. "गप गिरव की. लई शहाणी हायस. सगळ्यांचं चालतंय, तुझंच कुटं अडतंय?"

बसले गिरवायला. जिन्याच्या छेदापाशी पेन्सिल थांबली. पायऱ्यांवरून एक बीम आडवा गेला होता. पट्टी लावली. पायरीपासून बीम जेमतेम खांद्याएवढ्या उंचीवर. म्हणजे हा जिना चढणाऱ्याचं डोकं फुटणार, आणि वर्षानुवर्षं हाच जिना पूर्ण मार्क घेत होता.

विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून हात तयार झालेला. जिना तसाच गिरवला, ट्रेसिंग पेपरवर शीटच्याच स्केलमधला एक माणूस काढला आणि त्या जिन्यात चिकटवला. डोकं बीमच्या आत. शीट नोटीस बोर्डावर लावली आणि खाली लिहिलं: 'या जिन्याला पूर्ण मार्क आहेत. कशाचे?' खाली स्वतःची सही ठोकली.

मधल्या सुट्टीत बोर्डापुढं हीऽ गर्दी. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर सरांएवढाच हाय की."

विभागप्रमुख मॅडम आल्या. पट्टी मागितली, मापलं आणि सरांना बोलावलं.

"मॅडम, ही शीट आधीपासून चालत आलीय," सर म्हणाले.

"आणि तुम्ही सह्या करत आलात."

त्याच आठवड्यात नियम बदलला. शीट समोर ठेवून प्रश्न विचारायचे, उत्तर आलं तरच मार्क. सरांनी पहिला नंबर माझाच लावला. मी मावशीच्या घराचीच शीट पुढं ठेवली.

"जिन्याच्या वळणावरचं लँडिंग एवढं रुंद कशाला?"

"सर, मावशीचं कपाट वर नेताना वळेना. काकांनी जुनं लँडिंग तोडून वाढवलं."

सरांनी या वेळी शीट जवळून पाहिली. मग सही केली. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मिळवलेत.

संध्याकाळी रूममेट कॉलेजच्या जिन्यात टेप घेऊन उभी. "धर की हे टोक. उद्या मला इचारतील." बघता बघता अर्धा वर्ग पायऱ्यांवर जमला. वरून सर उतरत होते.

"सर, जरा थांबा," ती म्हणाली, "डोक्यावरची उंची मापतोय."

सर थांबले.