पाचवे तत्त्व माझ्या पदरचे

“बाई, तो चारच म्हणाला होता.”

अकरा वर्षांपूर्वी, बी.ए.चा निकाल लागल्यावर, कुसुम कॉलेजच्या जिन्यात मला गाठून हे म्हणाली. मी घाईत होते. “परीक्षेपुरतं वाचावं, कुसुम. जास्त वाचलं की असं होतं,” एवढे सांगून मी तासाला गेले.

‘तो’ म्हणजे सिसिली बेटावरचा एक प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ. हे विश्व कशातून झाले, या प्रश्नावर त्याच्या आधी एकजण पाणी म्हणाला होता, दुसरा हवा, तिसरा अग्नी. याने त्यांत पृथ्वी घालून भांडण मिटवले: मूळ तत्त्वे चार, त्यांना जवळ आणते ते प्रेम आणि तोडते ते वैर. हे सगळे मी माझ्या पाठ्यपुस्तकात नीट लिहिले होते. फक्त पृथ्वी, आप, तेज, वायू असे लिहिल्यावर हात थांबला नाही, आकाशही लिहून मोकळा झाला. लहानपणापासून पाचच म्हणायची सवय. वर त्या आकाशावर मी एक अख्खे पान लिहिले. पुस्तकातले माझे सर्वांत आवडते पान तेच.

कुसुमने परीक्षेत चार लिहिली, आणि पाचवे का नाही हेही लिहिले. तो पेपर तपासायला माझ्याकडेच होता. मी सहा गुण कापले. तिचा पहिला वर्ग चार गुणांनी गेला, त्याबरोबर शिष्यवृत्ती गेली, आणि पुढची पाच वर्षे ती विम्याच्या कचेरीत टंकलेखन करत बसली.

माझी चूक मला कळली ती दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते तपासताना. तोवर कुसुम स्वतःच्या हिमतीवर जर्मन शिकून ट्युबिंगेनला, त्याच तत्त्वज्ञावर प्रबंध लिहायला पोहोचली होती. मी आवृत्ती थांबवली. कागद महागल्याचे कारण प्रकाशकांना मीच पुरवले. कुसुमला पत्रे लिहिली, ती सगळी माझ्याच टेबलाच्या खणात पोहोचली. इतक्यात आमच्या ह्यांना कारखान्याने तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी ट्युबिंगेनपासून तासाभरावरच्या स्टुटगार्टला पाठवायचे ठरवले, आणि मीही निघाले. मैत्रिणींना सांगितले, युरोप बघायचाय.

मुंबईहून बोटीने जिनोआ, तिथून आगगाडी. बोटीने जाणाऱ्यांना माझा सल्ला: लिंबाचे लोणचे हाताशी ठेवा आणि पहिले तीन दिवस कुणाशी तत्त्वज्ञान बोलू नका. एडन येईपर्यंत विश्व पाण्यातून झाले हे मला पूर्ण पटले होते, आणि लवकरच ते पाण्यात जाणार हेही. डेकवर पडल्या पडल्या मी माझी बाजू तयार केली. शंभरएक वर्षांनी दुसऱ्या एका ग्रीकाने पाचवे तत्त्व काढलेच होते की नाही? मग मी जरा आधी लिहिले, इतकेच.

हे म्हणाले, “चार काय, पाच काय, तिला सरळ सांगून टाक. आमच्यात चुकीचा पार्ट बसला की काढून दुसरा बसवतात.”

“अहो, मशीन पाच वर्षं चुकीचं चाललं असेल तर?”

“तर मशीनला विचारायला लागेल,” ते म्हणाले.

स्टुटगार्ट डोंगरउतारांवर वसलेले आहे. शहराच्या मधोमध द्राक्षांचे मळे, आणि एका बाजूला युद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा रचून उंच केलेली टेकडी. माथ्यावर दरवाज्यांच्या कमानींचे दगड तसेच पडलेले दिसतात. तिथे लोक रविवारी डबे घेऊन येतात. चढण खडी आहे, साडीवर कॅनव्हासचे बूट घाला, हसणारे हसतील.

आम्ही फ्राऊ त्सिग्लर नावाच्या विधवा बाईंकडे खोली घेतली होती. अंघोळ शनिवारी, गरम पाण्याचे पैसे वेगळे. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी आनंदाने बटाट्याचे सॅलड केले. दोन आठवडे मी ते मिटक्या मारत खाल्ले, मग कळले की बटाटे मांसाच्या रश्शात मुरवलेले असतात. विश्वाच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईला सॅलडमधली ओळखता आली नाहीत.

तिथे जिना झाडायची पाळी असते. ज्यांचा आठवडा, त्यांच्या दारावर एक पाटी लटकते. आमच्या दारावर लटकली तेव्हा मी शनिवारी जिना झाडला, पुसला आणि पाटी शेजाऱ्यांच्या दाराला लावली. फ्राऊ त्सिग्लर चष्मा लावून आल्या, कठड्याखालून बोट फिरवले आणि पाटी परत आमच्या दाराला अडकवली.

“पण मी झाडला,” मी म्हटले.

“हो, झाडलात. कठड्याखाली नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी कठड्याखालून पुसून काढले. मिलेटसचा एक ग्रीक तत्त्वज्ञ मला आठवत होता: वस्तू एकमेकींवर अन्याय करतात आणि काळाच्या हुकुमाने त्याची भरपाई करतात, विश्वाची व्यवस्था ती हीच, असे त्याचे म्हणणे. अठरा वर्षे मी हे शिकवले. त्या वस्तूंमध्ये आपण मोडतो हे मला जर्मनीतल्या जिन्यात बसून कळले. सोमवारी कुसुमला तार केली आणि ट्युबिंगेनचे तिकीट काढले.

गाडी नेकार नदीच्या काठाने जाते, खिडकी नदीच्या बाजूची धरा. गाव बॉम्बमधून बरेचसे वाचलेले आहे, उतरत्या छपरांची पिवळी-तांबडी घरे नदीत वाकून बघतात. स्टेशनवर कुसुम आली होती. केस कापलेले, अंगात राखी कोट, आणि भेटताच भर फलाटावर वाकून नमस्कार. मी तिथेच बोलायचे ठरवले होते, पण बोलले ते लोणच्याच्या बरणीबद्दल.

ती मला थेट विद्यापीठात तिच्या वर्गाला घेऊन गेली. पांढऱ्या भुवयांच्या प्राध्यापकांना म्हणाली, “मला ग्रीकांची गोडी लावली ती यांनी.” प्राध्यापकांनी उठून माझा हात हातात घेतला आणि भारतात हे तत्त्वज्ञ कसे शिकवतात ते विचारले. दहा-बारा तरुण चेहरे वह्या उघडून बसले. मी घसा साफ केला आणि पाच मिनिटे आमच्या कॉलेजच्या इमारतीचे वर्णन केले.

संध्याकाळी तिच्या खोलीत ती स्टोव्हवर तिथल्या तपकिरी मसुरीची आमटी करत होती. मी पाठमोऱ्या तिलाच म्हटले, “कुसुम, तो चारच म्हणाला होता.”

पळी थांबली. “गेनाऊ,” ती म्हणाली, आणि मग मराठीत, “हो, बाई.”

मी सगळे सांगितले. पुढच्या ग्रीकाचा बचावही सांगितला, तो बोटीवर वाटला होता त्याहून फारच लंगडा निघाला.

“मला तेव्हाही ठाऊक होतं. मार्कांचं वाईट वाटलं, मग कमी झालं,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात ना, जास्त वाचू नये, ते नाही गेलं. विम्याच्या कचेरीत पहिलं वर्षभर मी पुस्तकाला हात लावला नाही. वाटायचं, बाई सांगतायत म्हणजे खरंच असेल.”

याची तयारी मी केली नव्हती. सहा गुणांची केली होती.

“माझं चुकलं,” मी म्हटले. “ते वाक्य तर पाचव्या तत्त्वाहून खोटं होतं.”

तिने स्टोव्ह बंद केला. मग ताट वाढत म्हणाली, “आकाशाचं पान मात्र काढू नका. छान आहे. फक्त त्याच्या नावावर ठेवू नका, तुमच्या नावावर ठेवा.”

“आणि तुझे गुण?”

“त्यांचा मला आता काय उपयोग, बाई? जेवा. आमटी गार होतेय.”

पुण्यात परतून महिना झाला. मैत्रिणींना रंगीत चित्रे दाखवून झाली, शाकाहाराबद्दल विचारणाऱ्यांना मी मोघम उत्तर देते. नवी आवृत्ती छापखान्यात आहे. तत्त्वे चार, आकाश शेवटी, माझ्या नावावर. पण कुसुमने माफ केले की नाही हे मला अजून माहीत नाही. तिने फक्त वाढले.

काल विद्यापीठाच्या कुलसचिवांना अर्ज दिला. निकाल जाहीर झाल्यावर गुणांत बदल होत नाही, हे उत्तर मला पाठ आहे. परीक्षा मंडळावर असताना अशा अर्जांखाली मीच ते लिहीत असे. तरी लिहिले आहे: तत्त्वज्ञानाच्या त्या उत्तरपत्रिकेतील उत्तर बरोबर होते, चूक परीक्षकाची होती, तरी विद्यार्थिनीस सहा गुण परत देऊन तिचा वर्ग पहिला करावा, ही नम्र विनंती.