नुसतं 'हूं' म्हणायची मनाई

धारूरच्या आमच्या गुरुजींना यंदा साठ वर्षं पुरी झाली. मला अक्षरं जेमतेम जुळवता येतात, पण गुरुजींची तक्रार करायची म्हटल्यावर हात आपोआप चालतो.

त्यांची माझी पहिली ओळख भांडणातून झाली. आमच्याकडची रीत अशी, की गोष्ट सांगणाऱ्यानं सांगायची आणि लेकरानं मधे मधे 'हूं' म्हणायचं. हूं थांबलं, लेकरू झोपलं. आपण मोकळे. माझी नात चंपा गुरुजींच्या शाळेत जायला लागली आणि ही रीतच मोडली. "गुरुजी म्हणत्यात, नुसतं हूं न्हाई. काय कळलं ते सांगायचं." मग म्हातारी बाजारला गेली म्हटलं की, "कावून? मीठ संपलं असंल." राजा हसला म्हटलं की, "मनात रडत असंल." एक गोष्ट शेवटाला जाईना. मी लई वैतागले. लेक म्हणाला, "आये, पोरगी उलट बोलाया लागली. उद्या सासरी काय करंल? काढ तिला शाळेतून."

मीच गेले काढायला. गुरुजी देवळाच्या ओवरीत मुलांना गोष्ट सांगत होते. मला बघून उठले, स्वतःचं घोंगडं अंथरलं. "बसा काकू, एवढी गोष्ट होऊ द्या." गोष्ट तरी काय, शेळीच्या तोंडाला पीठ होतं आणि म्हातारीनं काठी उचलली. तिथंच गुरुजी थांबले. असा माणूस कुठं असतो का?

"शेळीनं पीठ खाल्लं," पोरं म्हणाली.

"मी तसं कुठं म्हणालो?"

"तुमी न्हाई म्हणला. पर तोंडाला लागलंय की."

चंपा माझ्याकडंच बघत होती. गुरुजी लहान लेकरांनाही अहोजाहो करतात. म्हणाले, "चंपाबाई, तुम्ही बोलत नाही?"

"आजीनं आज भाकर बांधली न्हाई," ती म्हणाली. "अन् आता सोताच आली. मला उद्यापासून शाळा न्हाई."

तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं झालं तेव्हा ती शेतात होती. माझ्या तोंडून निघालं, "भाकर इसरले गं मी. दुपारी आणते."

"इसरली न्हाईस," ती म्हणाली. "पर आण."

दुपारी भाकर नेली, आणि रोजच नेत गेले. लेक कुरकुरला, तर गुरुजी त्याच संध्याकाळी घरी आले आणि त्यालाच चंपाला गोष्ट सांगायला बसवलं. आता तोही अर्ध्यात थांबतो. मेलं, घरात सरळ बोलणारं माणूसच उरलं नाही.

देव गुरुजींना उदंड आयुष्य देवो, गुडघे धड ठेवो. धाकटा नातू अजून नुसता हूं म्हणतो. त्याला त्यांच्याच हाती द्यायचंय.